‘रा’ म्हणजे ये का थांब

ताई, भेटायला येणारं प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेतला की एकच विचारतं, शेवटी काही बोलल्या का? बोलल्या, मी सांगते. काय बोलल्या? ‘रा’ म्हणाल्या. मग माणसं मान हलवतात आणि कपात बघतात. मी अर्धं सांगून अर्धं गिळलं असं त्यांना वाटत असावं. गिळलं काही नाही. तुमी तेवढंच बोलल्या, माझ्याकडं बघून बोलल्या, आणि त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आपल्या आदिलाबादेत हा शब्द दोन भाषांत चालतो, हीच सगळी पंचाईत. तेलुगूत ‘रा’ म्हणजे ये. आपल्या बोलीत ‘रा’ म्हणजे राहा, थांब. उभी रा, गप रा, इथंच रा. पाय उचलायचा का रोवायचा, हे बोलणाऱ्याच्या मनात त्या घडीला कोणती भाषा चालू आहे त्यावर. आणि तुमच्या मनात कोणती चालू आहे हे तुमच्या आईलासुद्धा कधी कळलं नाही म्हणे. मी तर भावजय.

त्या दुपारी मी थर्मासमध्ये गरम पाणी आणायला दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर गेले होते. परत आले आणि वॉर्डच्या दारात तुमची नजर माझ्यावर पडली. तोंडावरचा मास्क तुमी दोन बोटांनी बाजूला केला आणि म्हणाल्या, “रा.” आवाज बारीक होता, पण शब्द साफ होता. मी थांबले. म्हणजे ठरवून नाही, पायच थांबले. मग वाटलं, अगंबाई, बोलवलं तर नाही? एक पाऊल टाकते न टाकते तोवर सिस्टर आली, तिनं पडदा ओढला आणि मला तेलुगूत सांगितलं, बाहेर थांबा. पडद्याच्या आत काय झालं ते मला दिसलं नाही. त्यानंतर तुमी डोळे उघडले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

यात एवढं काय, असं कोणीही म्हणेल. बोलवलं असेल नाही तर थांबवलं असेल, माणूस गेलं ते गेलंच. तुमी असत्या तर तुमीसुद्धा हेच म्हणाल्या असत्या, चष्मा पुसत पुसत. पण मला फरक पडतो. तुमी मला जवळ बोलवलं का दारातच उभं केलं, हे मला पायजे. मी या घरात आल्यापासून मला हेच पायजे होतं, विचारलं कधी नाही एवढंच.

एक गोष्ट तुमाला माहीत नव्हती. का माहीत होती, कोणास ठाऊक. मला बघायला तुमी सगळे पांढरकवड्याला आला होता. मी पोहे घेऊन बाहेर आले. तुमी माझ्याकडं बघून हसल्या आणि भावाकडं वळून तेलुगूत काहीतरी बोलल्या. तुमाला वाटलं, या यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांना काय कळणार. पण माझा मामा कापसाच्या गाड्या घेऊन आदिलाबादच्या बाजारात जायचा. पाहुणे गेल्यावर त्यानं आईला सांगितलं, “पोराची बहीण म्हणे, इले तेलुगू येत नाई, हे तिथं कशी जगन?” आई म्हणाली, बरोबरच आहे तिचं. मला मात्र ते लागलं. मी चांगली बारावी शिकलेली होते, पोहे चांगले झाले होते, आणि माझ्यात यांना काय दिसलं तर एक भाषा नाही ते दिसलं.

बरं, नंतर तुमी मला कधी वाकडा शब्द बोलल्या असत्या तर मनातलं निघून तरी गेलं असतं. तुमी कधीच बोलल्या नाहीत. उटनूरकडच्या रानातल्या शाळांत शिकवायच्या, तिथून सुट्टीला यायच्या, येताना माझ्यासाठी सीताफळं आणायच्या, आणि मी तुमच्या हातातली पिशवी घ्यायला गेले की म्हणायच्या, “राहू द्या वैनी.” डोक्याला तेल लावून देऊ का? राहू द्या वैनी. पाय दाबते. राहू द्या. माझ्याहून एवढ्या मोठ्या, पण मला कधी ‘अगं’ म्हटलं नाही. रिटायर होऊन आमच्याकडंच राहायला आल्या, तरी आपलं ताट आपण धुवायच्या. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, “तुयी नणंद म्हंजे देवमाणूस हाय, नशीब काढलं तू.” हाव, म्हणायचे मी. आपलं भांडण कधी झालं नाही ताई. मला त्याचाच राग यायचा.

मग मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तुमचे भाऊ म्हणाले, गल्लीत चार चकरा मार. गल्लीत चालायचं म्हणजे प्रत्येक ओट्यावरून “काऊन वो, कुठं चालल्या?” मी टाळत होते. एका सकाळी तुमी कॅनव्हासचे बूट घालून दारात उभ्या. “चला वैनी,” म्हणाल्या. कुठं, ते सांगितलं नाही. आटो केला, गावाबाहेर हायवेच्या अंगाला वनखात्याचं रान आहे तिथं उतरवलं. लोखंडी गेट, त्याच्या आत एक मातीची वाट. सागातून जाते, कोरड्या नाल्यात उतरते, खडकावर चढते, छोट्या तळ्याला वळसा घालून पुन्हा त्याच गेटापाशी आणून सोडते. मला पहिल्या दिवशी हसू आलं. एवढं चालून कुठं पोचलो, तर जिथून निघालो तिथंच. घरी आल्यावर हे मी सांगितलं तर तुमचे भाऊ म्हणाले, मग गल्ली काय वाईट होती.

पण मला ती वाट आवडली. तिथं कोणी नसतं. सकाळी एखादा पोलीस भरतीची तयारी करणारा गडी धावत जातो, तळ्याजवळ वानरं बसलेली असतात, बाकी शांत. गावाची घरघर मागं राहते आणि फक्त आपल्याच पायाखालची पानं वाजतात.

पहिला वाद तिथल्या गेटातच झाला. मी म्हटलं, डावीकडून जाऊ, विहाराला आपण अशीच प्रदक्षिणा घालतो, मधलं रान उजव्या हाताला ठेवून. तुमी मान फिरवली. “वैनी, तुमी तं सांगा, मंधात कोण बसून राह्यलं? इकून गेलं का चढ आंदी येते, मंग घरी येताना उतार भेटते.” आणि तुमी चालू पडल्या. तुमच्या हिशेबात उजवं नव्हतं आणि डावं नव्हतं, फक्त चढ आणि उतार होता. मी रोज गेटात डावीकडं एक पाऊल टाकायचे आणि मग तुमच्या मागं यायचे. तुमी रोज बघायच्या आणि तशाच पुढं चालायच्या.

त्या वाटेवर तुमी मला तेलुगू वाचायला शिकवलं. झाडांवर वनखात्यानं नावांच्या पाट्या ठोकल्या आहेत. सागाखाली उभ्या राहून म्हणाल्या, वाचा. मी एक एक अक्षर जोडलं: टे, कु. टेकु. मला वाटलं झाडाला टेकायला सांगितलंय, मी खरंच हात टेकून उभी राहिले, म्हातारी माणसं थकतात म्हणून सरकारनं सोय केली असेल. तुमी आधी माझ्याकडं बघितलं, मग पाटीकडं, आणि इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. टेकु म्हणजे तेलुगूत साग. त्यानंतर मोहाचं ‘इप्प’, पळसाचं ‘मोदुग’, अशी मी झाडं वाचत गेले. आता मला बसवरच्या पाट्या येतात. दवाखान्यात तुमची चिठ्ठी कोणत्या खिडकीवर दाखवायची ते मीच वाचलं, यांना चष्मा सापडत नव्हता. हे तुमाला सांगायचं होतं, राहून गेलं.

आता त्या शब्दाचं.

तुमी पुढं, मी मागं. तुमचे पाय रानातल्या शाळांत जायला चालून चालून घट्ट झालेले, माझे चुलीपासून ओट्यापर्यंतचे. वळणापलीकडं तुमी दिसेनाशा व्हायच्या आणि तिकडून आवाज यायचा, “रा!” मी थांबायचे. मला वाटायचं, पुढं काहीतरी असेल, साप नाही तर काटेरी काहीतरी. बरंच उभी राहायचे. मग तुमी परत मागं यायच्या, कमरेवर हात ठेवून.

“वैनी, काऊन थांबल्या?”

“तुमीच तं म्हणल्या, रा.”

“रा म्हंजे या ना!”

“मंग या म्हणा ना.”

तेलुगूतला ‘रा’ मला माहीत नव्हता असं नाही. बाजारात भाजीवाली ‘रा अम्मा’ म्हणाली तर मी बरोबर तिच्या पाटीकडं जाते. पण तुमच्याशी माझं सगळं बोलणं मराठीत. तुमच्या तोंडचा ‘रा’ माझ्या कानात मराठीच व्हायचा, त्याला मी काय करू? आणि तुमी जन्मभर रानातल्या पोरांना वर्गात बोलवलेलं, नाल्यापलीकडून, चिंचेवरून, गाईच्या मागून. मोठ्यानं हाक मारायची म्हटली की तुमच्या गळ्यातून तेलुगूच निघायची.

यावर आपण कितीतरी सकाळी घालवल्या. मी म्हटलं, ‘ये’ म्हणा. तुमी म्हणाल्या, भावाच्या बायकोला मी ‘ये’ म्हणू का, मायी माय वरून मारन मले. मग ‘या’ म्हणा. तुमी ते करून बघितलं, हे मला मान्य आहे. दोन दिवस तुमी वळणापलीकडून ‘याऽऽ’ म्हणत होत्या आणि मला वाटायचं मोर ओरडला. बरं मग तेलुगूतच मान देऊन बोलवा, मी म्हटलं. तर तुमी कपाळाला हात लावला. खरंच की. तेलुगूत मानानं ‘या’ म्हणायचा जो शब्द आहे, ‘रंडि’, तो मराठी कानाला चक्क शिवी वाटतो. तो तुमी सभ्य बाईच्या नावानं रानात मोठ्यानं ओरडणार, आणि तो धावणारा गडी ऐकणार! आपण दोघी तिथंच खडकावर बसलो हसत.

“तुमी आता कान बदला वैनी,” तुमी शेवटी म्हणाल्या. “मायी जीभ काई या वयात बदलत नाई.”

“मी कान कायले बदलू? मराठी माणसासंगं मराठीत बोला.”

“जंगलात कोण मराठी आन् कोण तेलुगू?”

“मंग हाक मारूच नका. मी येते हळूहळू.”

हे तुमाला मान्य नव्हतं. मागं राहिलेलं माणूस तुमाला चालायचंच नाही. तुमी पुन्हा ‘रा’, मी पुन्हा उभी, तुमी पुन्हा मागं. असं एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला.

मग मोह फुलले. रानात सकाळी तो गोडसर वास भरून राहतो, डोकं जड होतं. त्या दिवशी तुमी नेहमीसारख्या पुढं होत्या, तळ्याच्या अलीकडं. मला तुमची पाठ दिसत होती. तुमी अचानक उभ्या राहिल्या, एक हात मागं केला आणि हळूच पण घाईनं म्हणाल्या, “रा!”

मी आले. तरातरा आले. मला आतून बरंसुद्धा वाटत होतं, की बघा, आज कान बरोबर चालले. येऊन थेट तुमच्या पाठीवर आदळले. आणि तुमच्या खांद्यावरून बघते तर मोहाखाली अस्वल. काळंशार, मोठं, तोंड खाली घालून फुलं खात होतं. एखाद्या ओट्यावरची म्हातारी मुरमुरे खाते तसं, निवांत.

“अवं माय!”

“वैनी, रा म्हणलं ना!” तुमी ओठ न हलवता.

“आली ना मंग!”

“रा म्हंजे थांबा!”

“आता काऊन थांबा?”

“गप रा!”

हा शेवटचा ‘रा’ कोणत्या भाषेतला ते विचारायची वेळ नव्हती. अस्वलानं मान वर केली. नाकानं आपल्याकडचा वारा घेतला.  तुमी मागं हात करून माझं मनगट धरलं. मग त्याला आपल्यापेक्षा काहीतरी महत्त्वाचं आठवलं असावं, ते वळलं आणि ढुंगण हलवत झुडपात गेलं. पानं वाजायची थांबेपर्यंत आपण हललो नाही.

त्यानंतर तुमी मट्‌कन खाली बसल्या आणि माझ्यावर तुटून पडल्या. जीव गेला असता, अक्कल कुठं गहाण ठेवली, पोरीवानी धावत काऊन आल्या? मी पण सोडलं नाही. इतके दिवस ‘रा’ म्हणजे या म्हणून डोकं खाल्लं कोणी? तुमी म्हणाल्या, “अवं, रोज थांबता म्हणून मी आज मुद्दाम मराठीत म्हणलं. तुमच्यासाठी म्हणलं.” मी म्हटलं, “आन् मी मुद्दाम तेलुगूत ऐकलं. तुमच्यासाठीच.” दोघीही ओरडत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आपलं भांडण चाललं होतं, चांगलं कडाक्याचं, आणि माझं मनगट अजून तुमच्या हातात होतं. तुमी सोडायचं विसरल्या होत्या. मी आठवण करून दिली नाही.

खरं सांगते ताई, त्या सकाळी मी फार आनंदात होते. घरी येऊन यांना अस्वलाचं सांगितलं तर हे घाबरले, आणि मला कळेना हे कशाला घाबरून राह्यले, एवढं चांगलं झालं.

पण ठरलं काहीच नाही. मी म्हटलं, आता मी तेलुगू ऐकायला शिकले, तुमी तेलुगूच बोला. तुमी म्हणाल्या, आता मी मराठी बोलायला शिकले, तुमी मराठीच ऐका. आपण दोघीही मागं हटलो नाही. त्यानंतर तुमी ‘रा’ म्हणाल्या की मी विचारायचे, कोणता? तुमी कधी सांगायच्या, कधी मुद्दाम सांगायच्या नाही. तुमाला त्यात मजा वाटायला लागली होती. पुढं तुमाला धाप लागायला लागली, तळ्यापर्यंत, मग नाल्यापर्यंत, मग गेटापर्यंतच. शेवटी तुमी म्हणाल्या, वैनी, तुमी जाऊन या, मी इथं बसते. मी गेले नाही. गेटाजवळच्या सिमेंटच्या बाकावर दोघी बसायचो आणि गेटावरची पाटी वाचायचो.

दवाखान्यात तुमी मला पहिल्यांदा केस विंचरू दिले. राहू द्या म्हणाल्या नाहीत. ते बरं वाटून म्हणाल्या नाहीत का बोलायला दम नव्हता म्हणून, हेही मला कळलेलं नाही. आणि मग तो दारातला ‘रा’. तो कोणता, हे मी विचारणारच होते. ओठांवर आलं होतं. पडदा मधे आला.

तेव्हापासून जो येईल त्याला मी विचारते. शेजारची पद्मक्का म्हणाली, यात विचारायचं काय, ‘रा’ म्हणजे ये, तुला जवळ बोलवलं बिचारीनं. ती तेलुगू. माझी बहीण पांढरकवड्याहून फोनवर म्हणाली, थांब म्हणाल्या असतील, जाऊ नको, माझ्याजवळ रा. तिला तेलुगूचा गंध नाही. तुमचे भाऊ म्हणाले, “तुले बोलवलं तिनं.” यांना दोन्ही भाषा येतात, पण हे माझ्याकडं न बघता बोलले, म्हणून मी ते धरत नाही. आणि आणखी एक अर्थ आहे, तो फक्त मला सुचतो, पहाटे पाणी भरताना. की तुमी नळ्यांमधे, केस विस्कटलेले, आणि दारात भावजय. तिथंच थांबा वैनी. राहू द्या. जसं नेहमी म्हणायच्या तसं. मला या अर्थाची भीती वाटते. मी बाकीच्या तिघांचे अर्थ एका बाजूला ठेवून बघितले, हा एकच जड भरतो.

जलदानाच्या विधीला तुमच्या शाळांतली माणसं आली होती. मोठमोठे झालेले बाप्ये, उटनूरकडून आलेले. त्यांनी तुमच्या फोटोला हार घातला आणि गोंडीत, तेलुगूत, मराठीत, ज्याला जी येते तीत तुमच्याबद्दल बोलले. सगळे म्हणाले, टीचर फार जवळच्या होत्या. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. राग आला मला. तुमचा नाही, त्यांचाही नाही. त्यांना ते इतकं सोपं होतं, त्याचा.

पाहुणे गेल्यावर घर रिकामं झालं तेव्हा मी बूट घातले. तुमचे भाऊ म्हणाले, कुठं? मी सांगितलं. हे म्हणाले, मीही येतो. यांचे गुडघे तुमाला माहीत आहेत, आणि ती वाट यांनी कधी पाहिलेली नव्हती. पण काठी घेऊन निघाले. गेटात मी डावीकडं बघितलं आणि उजवीकडं वळले, चढाकडं.

रान कोरडं झालं होतं. सागाची पानं गळून वाटेवर पडलेली, पाय पडला की पापड मोडल्यासारखी वाजत होती. मागून यांच्या पायाचा आणि काठीचा आवाज येत होता. थोडा वेळ मी यांच्या चालीनं चालले, मग विसरले. पळस वाचला, मोह वाचला. तुमच्यावर मनातल्या मनात रागावत होते, की एक शब्द जास्त बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं. ‘इकडं रा’ नाही तर ‘तिथं रा’. एवढी शिकलेली बाई, भाषा शिकवणारी.

नाल्याचं वळण ओलांडलं आणि माझ्या लक्षात आलं, मागं पानं वाजत नाहीत. वळून बघितलं तर हे नाहीत. नुसती वाट.  खरं तर काय झालं असणार, म्हातारं माणूस मागं राहिलं असणार, पण ते मला तेव्हा सुचेना. आणि तोंडातून निघालं, मोठ्यानं, मला न विचारता:

“रा!”

 मग झाडांमागून यांचा आवाज आला.

“येऊ का थांबू?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला उत्तर माहीतच नव्हतं. शपथ घेऊन सांगते. मी यांना बोलवलं नव्हतं, थांबवलंही नव्हतं. हे दिसत नव्हते, एवढंच होतं माझ्या मनात. त्यात कोणती भाषा नव्हती.

“अवं, बोल ना,” तिकडून पुन्हा. “आन् या वयात मले अरे-तुरे काऊन करून राह्यली?”

“तिथंच बसा,” मी म्हटलं. “मीच येते.”

मी मागं गेले. हे नाल्याच्या काठाला दगडावर बसले होते, एक बूट काढून त्यातला खडा झटकत होते. मी शेजारी बसले. आणि तिथं मला रडू आलं ताई, दवाखान्यात आलं नव्हतं, घाटावर आलं नव्हतं, विधीला आलं नव्हतं, ते सगळं. यांनी बूट हातात तसाच धरला आणि विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. 

तुमाला त्या पलंगावरून उठता येत नव्हतं. उठता आलं असतं तर तुमी काही बोलल्याच नसत्या, कमरेवर हात ठेवून दारापर्यंत आल्या असत्या मला घ्यायला.